ओल्या फडक्याचा गुण

आप्पांनी १९८८ साली प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून घेतलेली प्रीमियर पद्मिनी २०१६ च्या दिवाळीनंतर भंगारात जायची, हे जवळजवळ ठरलेच होते. ठरवले होते सौभाग्यवतींनी, आणि त्यांचा तरी काय दोष? सकाळी एका दमात सुरू होणारी ही बाई तासभर चालून तापली, की आचके देऊन बंद पडे. आणि अर्धा तास उभी राहिली, की जणू काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा चालू!

एका गॅरेजने पेट्रोलचा पंप बदलला. दुसऱ्याने कार्बोरेटर धुतला. तिसऱ्याने 'इंजिन खोलावे लागेल' म्हणून जो आकडा सांगितला, त्यात आमची दिवाळीच काय, पुढची संक्रांतही पार पडली असती.

शेजारीपाजारी मात्र एकमताने 'व्हेपर लॉक' म्हणत. हा आजार काही खोटा नव्हे. अशा गाडीत पंप इंजिनालाच बसवलेला असतो. उष्णतेने पेट्रोलची वाफ झाली, की पंपाला ती ढकलता येत नाही. मग पंपावर ओले फडके घालायचे. आम्हीही घालत होतो, आणि गुणही येत होता.

वसुबारसेला साताऱ्याला निघालो. खंबाटकीचा घाट चढताना गाडीने मान टाकली. मी फडके भिजवू लागलो, तोच मागच्या सीटवरून अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आप्पा म्हणाले, "अरे, थांब! थंड करू नकोस. ताप अंगात आहे तोवरच नाडी बघायची."

ठिणगी येते का, आणि पेट्रोल येते का, हे पहिले दोन प्रश्न. एका प्लगची वायर काढून तिला डिकीतला जुना प्लग लावला, रबरी मोजा घालून तो इंजिनच्या लोखंडाला टेकवला आणि सौभाग्यवतींना स्टार्टर मारायला सांगितले. हवी होती तडतडणारी निळी ठिणगी. दिसली ती पिवळट, मरतुकडी, तीही अधूनमधून. पंप आणि कार्बोरेटर बिचारे उगीच बदनाम झाले होते!

डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढले. पॉइंट काळे पडलेले. एकावर खड्डा, दुसऱ्यावर टेकाड. "कंडेन्सर," आप्पा म्हणाले.

ही अंगठ्याएवढी डबी. पॉइंट उघडताना तिथे उडू पाहणारी ठिणगी ती गिळते, म्हणून कॉइलमधले चुंबकत्व एकदम कोसळते आणि बारा व्होल्टचे हजारो होतात. आमच्या डबीतले आवरण जुने झाले होते. तापले की गळायचे, निवले की सावरायचे. म्हणजे गुण फडक्याचा नव्हताच. फडके घालून वाट पाहण्यात जाणाऱ्या अर्ध्या तासाचा होता!

आप्पांच्या बिस्किटांच्या डब्यात नवा कंडेन्सर निघाला. तो बसवला, पॉइंट घासून अंतर लावले. गाडी सुरू झाली. मी हरखलो, आप्पा नाही. "वीस मिनिटं गेली. ती अशीही सुरू झाली असती."

साताऱ्यात पोचल्यावर त्यांनी इंजिन दहा मिनिटे चालूच ठेवायला लावले. चांगले तापल्यावर बंद केले आणि लगेच किल्ली फिरवायला सांगितली. एका दमात सुरू!

सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. त्यांनी ते ओले फडके उचलले आणि समोरची काच पुसायला घेतली.