आधी तार, मग बाकीचं

नवं ऑफिस घेतलं की रंग, फर्निचर आणि एसी यांवर महिनाभर खल होतो. नेटवर्कचा विषय मात्र ‘नेटवाला येईल, जोडून जाईल’ एवढ्यावर संपतो. पण राउटर आणि स्विच कधीही बदलता येतात, पीओपीच्या आत गेलेली तार बदलायची तर छत फोडावं लागतं. म्हणून सुताराला बोलावण्याआधी कागदावर टेबलं मांडावीत आणि तारा एकत्र कुठे येणार ती जागा ठरवावी. ती कोरडी, हवेशीर असावी आणि तिथे प्लग पॉइंट हवाच. पॅन्ट्रीच्या सिंकखालचं कपाट रिकामं दिसतं म्हणून ते निवडू नये.

दहा टेबलांचं एखाद्या कर सल्लागाराचं ऑफिस घेऊ. त्या जागेपासून प्रत्येक टेबलापर्यंत कॅट-सिक्सची स्वतंत्र तार न्यायची, शक्यतो दोन. दुसरी आज लागणार नाही, पण पाइप उघडाच असताना ती टाकायला फारसा खर्च येत नाही. ही लाइन जास्तीत जास्त 100 मीटर चालते. छोट्या ऑफिसात ही मर्यादा आड येत नाही, कारखान्याच्या शेडमध्ये येते. विजेच्या तारांच्या पाइपातून मात्र ही केबल नेऊ नये. इलेक्ट्रिशियन ‘चालतं हो’ म्हणतो, त्याचं ऐकू नका.

केबल घेताना पात्याने एक तार खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर ते ॲल्युमिनियमवर चढवलेलं तांबं आहे. भाव बघून मोह होतो, पण ती वाकवली की लवकर तुटते. अस्सल तांब्याचीच घ्यावी.

केबलच्या आत आठ तारा असतात, दोन-दोन पिळून केलेल्या चार जोड्या. हा पीळ कामाचा आहे. बाहेरचा विद्युत अडथळा जोडीतल्या दोन्ही तारांवर जवळपास सारखाच पडतो आणि पलीकडचं यंत्र दोन तारांमधला फरक तेवढा वाचतं, त्यामुळे अडथळा वजा होतो. म्हणून कनेक्टर बसवताना पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त सोडू नये. आपल्याकडे बहुधा वापरला जाणारा रंगक्रम असा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मधोमध निळी जोडी येते, ते नवख्याला खटकतं. मग तो हिरव्याशेजारी हिरवा, निळ्याशेजारी निळा असं ओळीने लावतो. दोन्ही टोकं सारखीच असल्याने साध्या टेस्टरवर आठही दिवे क्रमाने लागतात. पण तिसरी आणि सहावी पिन मिळून एक जोडी धरली जाते आणि तिथे आता दोन वेगळ्या जोड्यांतल्या तारा असतात. पिळाचा फायदा गेला. थोड्या अंतरावर लाइन चालतेही, लांब लाइनवर मात्र वेग पडतो, मधूनच संपर्क तुटतो आणि दोष राउटरला दिला जातो. म्हणून दिवे लागले तरी रंग डोळ्यांनी बघावेत आणि प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना टेबलाचा क्रमांक चिकटवावा.

पुढचं काम सोपं. सगळ्या तारा 24 पोर्टच्या गिगाबिट स्विचमध्ये, स्विच राउटरला, राउटर इंटरनेट कंपनीच्या फायबरच्या डब्याला. या तिघांना यूपीएस द्या. एकाच तारेची दोन्ही टोकं चुकून त्याच स्विचमध्ये गेली, तर साध्या स्विचवर तेच संदेश गोल गोल फिरत राहतात आणि सगळं ऑफिस ठप्प होतं. सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकताना दिसले की आधी अशी तार शोधा.

आता पत्ते. राउटर बहुधा स्वतःला 192.168.1.1 म्हणवतो आणि बाकीच्यांना आपोआप पत्ते वाटतो. या वाटपात पत्त्याचा शेवटचा आकडा 100 ते 200 एवढ्यातच ठेवा. प्रिंटर आणि टॅलीचा डेटा असलेला संगणक यांना त्याबाहेरचे कायमचे पत्ते द्या, उदाहरणार्थ 20 आणि 10. नाहीतर एखाद्या सोमवारी प्रिंटरचा पत्ता बदलतो आणि रिटर्न भरायच्या दिवशी कागद निघत नाही. वायफाय पोचत नाही म्हणून कोणी घरचा जुना राउटर आणून जोडला, तर तोही पत्ते वाटू लागतो आणि निम्म्या लोकांचं नेट जातं. त्याचं पत्तेवाटप बंद करूनच तो जोडावा. पाहुण्यांसाठी वायफाय वेगळं ठेवा आणि राउटरचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.

शेवटी प्रत्येक टेबलावरून तीन ‘पिंग’ करा, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का ते बघा: आधी राउटरला, मग बाहेर इंटरनेटवरच्या 8.8.8.8 या पत्त्याला, मग एखाद्या साइटच्या नावाला. राउटरच उत्तर देत नसेल तर बिघाड आपल्या तारेत, स्विचमध्ये किंवा पत्त्यात आहे. संगणकाचा पत्ता 169.254 ने सुरू होत असेल तर त्याला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. राउटर बोलतो पण 8.8.8.8 नाही, तर कंपनीला फोन लावा. आकड्याला उत्तर येतं आणि नावाला येत नाही, तर लाइन ठीक आहे, फक्त नावावरून पत्ता शोधणाऱ्या डीएनएसची सेटिंग तपासायची.