चौघांचे एक विमान

विमानाचा मालक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बडा उद्योगपती उभा राहतो. अमेरिकेत मात्र साधी नोकरी करणारी माणसेही हौसेखातर छोटे विमान बाळगतात. हे त्यांना परवडते कसे?

त्यांच्या पसंतीचे एक विमान म्हणजे जुने सेसना 150. दोन आसने, 100 अश्वशक्तीचे इंजिन आणि तासाला साधारण 22 लिटर इंधन. 1958 ते 1977 या काळात अशी 23 हजारांहून अधिक विमाने तयार झाली. म्हणूनच ती आजही जुन्या बाजारात मिळतात.

पण विकत घेणे ही फक्त सुरुवात. विमान उडो वा न उडो, जागेचे भाडे, विमा आणि दर 12 महिन्यांची सक्तीची तपासणी चुकत नाही. आम्ही नववीच्या वर्गात हे गणित फळ्यावर मांडले. समजा, हा ठरलेला खर्च वर्षाला 6,000 डॉलर आहे. वर्षात 50 तास उडवले तर तासाला 120 डॉलर पडतात, 100 तास उडवले तर 60. इंधन वेगळेच.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, चौघांनी मिळून घेतले तर?"

मुलाने नेमके वर्म ओळखले होते. तिथले हौशी वैमानिक हेच करतात. ठरलेला खर्च समान वाटून घेतात आणि इंधनाचे पैसे ज्याने जितके उडवले तितके तो देतो. मात्र पाळी कोणाची, नुकसान कोणी भरायचे, एखाद्याला बाहेर पडायचे असेल तर काय, हे आधीच कागदावर लिहिलेले बरे. भावाभावांतही हिशेब चोख हवा.

या इंजिनाची पूर्ण दुरुस्ती साधारण 1,800 तासांनी करावी लागते. तिला 27,000 डॉलर लागतील असे धरले, तर प्रत्येक तासामागे 15 डॉलर बाजूला काढायला हवेत. ही रक्कम अमानत समजावी, तिला हात लावू नये.

काटकसरीला जागा आहे. तेल किंवा टायर बदलणे अशी कामे परवानाधारक वैमानिक आपल्या विमानावर स्वतः करू शकतो. परंतु खरेदीपूर्वी आपल्या विश्वासातल्या मेकॅनिककडून विमान तपासून घ्यावेच, विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नये. वार्षिक तपासणीतही पैसे वाचवू नयेत. गाडी बिघडली तर रस्त्याच्या कडेला लावता येते. आकाशात कडा नसते.