आईची शेगडी भंगारात का द्यायची?

माहेरून आलेली दोन बर्नरची स्टीलची शेगडी वीस-पंचवीस वर्षांची झाली, की तिच्या तक्रारी सुरू होतात. ज्योत पिवळी येते, पातेल्यांची बुडं काळी होतात, कॉक फिरवताना मनगट दुखतं. मग ती भंगारवाल्याच्या हातगाडीवर जाते. पण मैत्रिणींनो, तिचा पत्रा एकदा हाताने चाचपून बघा. पुष्कळदा तो आजच्या स्वस्त शेगड्यांपेक्षा जाड निघतो. बिघडलेले असतात ते आतले भाग, आणि ते बदलून मिळतात.

पिवळ्या ज्योतीचं कारण बहुतेक वेळा हवा. गॅस जेटच्या बारीक भोकातून जोरात बाहेर पडतो आणि शेजारच्या मोकळ्या जागेतून हवा ओढून घेतो. तिथे तेलकट चिकटा साचला किंवा कोळ्याने जाळं विणलं, की हवा कमी पडते. म्हणून आधी रेग्युलेटर बंद करून, शेगडी गार झाल्यावर बर्नर काढा, त्याची भोकं टाचणीने मोकळी करा, खालची नळी पुसून घ्या. पितळी बर्नरला चिंच आहेच! नीट वाळल्याशिवाय मात्र परत बसवू नका.

जेटमध्ये मात्र टाचणी घालायची नाही. भोक केसभर जरी मोठं झालं तरी गॅस जास्त येतो, ज्योत पुन्हा पिवळी आणि सिलिंडर लवकर रिकामा. काही दुरुस्तीवाले सर्रास तार घालून मोकळे होतात, त्यांना सरळ 'नवं घाला' म्हणावं. पाइपच्या गॅसचं जेट वेगळं असतं, त्याचं भोक मोठं असतं. ते सिलिंडरच्या शेगडीला चालत नाही.

घट्ट झालेल्या कॉकवर खोबरेल सोडायची आपली सवय जुनीच. तेल उष्णतेने सुकतं आणि कॉक पुन्हा अडकतो. त्याचं खास ग्रीस असतं आणि ते कारागिरानेच भरावं. कॉक झिजला असेल तर अख्खा बदला, तिथे काटकसर नको. जाळी, बटणं, पाय, खालचे ट्रे हे सगळं भांड्यांच्या किंवा शेगडी दुरुस्तीच्या दुकानात मिळतं. जुना बर्नर सोबत न्या, नाहीतर माप चुकून दुसरी खेप ठरलेली.

रबरी नळी 'सुरक्षा' प्रकारची, आयएसआय शिक्क्याची घ्या आणि पाच वर्षांनी बदला. नळीवर तारीख छापलेली असते, ती वाचा. रेग्युलेटर बिघडला तर तो एजन्सीतूनच बदलून घ्यायचा, बाजारातला नको.

सगळं जोडून झालं की शेगडीचे कॉक बंद ठेवून रेग्युलेटर उघडा आणि प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावा. बुडबुडे आले म्हणजे गळती. काडी पेटवून बघणाऱ्या काकू अजून आहेत हो, त्यांना थांबवा! हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. वास आला तर रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, दिव्याच्या बटणाला हात नाही, आणि घराबाहेर येऊन १९०६ वर फोन.

शेगडीच्या आतली गॅसची मुख्य नळी गंजली किंवा तडकली असेल, तर मात्र डाग मारून घेऊ नका. तेव्हा तिला निरोप द्यायचा, आईची असली तरी.