माया लोकांची सृष्टिकथा

माया लोकांविषयी बोलावयास आरंभ केला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : हे लोक आपल्या मयासुराचे वंशज तर नव्हेत? मयसभा बांधणारा तो शिल्पी, आणि अरण्यात पायऱ्यापायऱ्यांची उत्तुंग देवालये उभारणारे हे लोक. नावही जवळजवळ तेच. मोह पडावा असेच हे साम्य आहे; पण ते केवळ उच्चाराचे. माया संस्कृती मध्य अमेरिकेच्या मातीतच उगवली आणि तेथेच वाढली. देण्याघेण्याचा हिशेब करावयाचाच तर ऋणको आपण आहोत. कारण आपल्याकडे मका आला तो कोलंबसानंतर, अमेरिकेतून. आणि आजच्या कथेत ह्या मक्याचे महत्त्व फार मोठे आहे.

माया हा काही एकजिनसी समाज नव्हे. मेक्सिकोचा दक्षिण भाग, ग्वाटेमाला आणि बेलिझ ह्या प्रदेशांत सुमारे तीस माया भाषा अद्याप बोलल्या जातात. ग्वाटेमालाच्या डोंगराळ मुलखातील किचे ही त्यांपैकी एक. ती बोलणारे सुमारे दहा लाख लोक आहेत. 'पोपोल वुह' हा त्यांचा ग्रंथ. 'पोप' म्हणजे चटई आणि 'वुह' म्हणजे पोथी. राज्यकारभाराचा खल करणारी मंडळी चटईवर बसत, म्हणून ही सभेची पोथी. आपल्याकडेही 'बैठक' हा शब्द अंथरलेल्या आसनाला लागतो आणि जमलेल्या मंडळींनाही लागतो, तसेच हे.

ग्रंथाच्या आरंभी वर आकाश आणि खाली निश्चल समुद्र, एवढेच आहे. पाण्यात पिसांचा नाग गुकुमात्स, आकाशात हुराकान. देव एकमेकांशी बोलतात, विचार करतात, त्यांचे एकमत होते आणि 'पृथ्वी' असा उच्चार होताच ती पाण्यातून वर येते. म्हणजे ही सृष्टी एका देवाच्या आज्ञेने नव्हे, तर देवांच्या सभेतून निर्माण झाली.

मग पशुपक्षी झाले. देवांनी त्यांना सांगितले, बोला, आमची नावे घ्या. पण कोणी चीत्कार केला, कोणी डरकाळी फोडली. नाव कोणालाच घेता येईना. त्यांच्या वाट्याला रान आले, आणि आपले मांस दुसऱ्याचे अन्न व्हावे हे दैव आले. दुसऱ्या खेपेस चिखलाचा माणूस घडवला. तो बोलला, पण बोलण्यात अर्थ नव्हता, आणि पाणी लागताच तो विरघळून गेला.

तिसऱ्या खेपेस लाकडाची माणसे केली. ती बोलत, त्यांचा संसार वाढला. परंतु त्यांना अंतःकरण नव्हते, आणि आपल्याला कोणी घडवले ह्याची आठवणही नव्हती. त्यांच्यावर महापूर आला. एवढ्यावर शिक्षा संपली नाही. त्यांच्या घरातील वस्तूच त्यांच्यावर उठल्या. ज्यांना उपाशी ठेवले होते ती कुत्री चावू लागली. चुलीवर रोज भाजून निघणारी मडकी त्यांना भाजू लागली. पाटा-वरवंट्याने तर सांगितले की तुम्ही दिवसभर आमची तोंडे घासलीत, आता आम्ही तुमचे पीठ करतो. माणसे छपरावर चढली तर घर कोसळे, झाडावर चढली तर झाड फेकून देई. त्यांतून जे उरले त्यांची माकडे झाली. माणसासारखी दिसूनही जी माणसे नव्हेत, ती ही.

येथे ग्रंथ वळण घेतो. हुनाहपू आणि श्बालांके हे जुळे भाऊ पाताळात उतरतात, मृत्यूच्या अधिपतींशी चेंडूचा खेळ खेळतात, स्वतः मरून पुन्हा उठतात आणि त्यांचा पराभव करतात. त्यानंतरच खरा माणूस घडतो. पाशिल नावाच्या स्थळाहून पिवळा व पांढरा मका येतो, श्मुकाने ही आजी तो नऊ वेळा दळते, आणि त्या पिठाचे चार पुरुष होतात. ते बोलतात, आभार मानतात. त्यांना सारे जगच दिसते. ते देवांना फार वाटते आणि त्यांची दृष्टी अंधुक केली जाते.

देवांना आपली स्तुती हवी होती, असे कोणी म्हणेल. आम्हाला ह्या कथेचा रोख निराळा वाटतो. ह्या चार प्रयत्नांतील कसोटी बळाची नाही, रूपाचीही नाही. आठवण ठेवून ती बोलून दाखवता येते की नाही, एवढीच आहे. ज्याला आपले मूळ सांगता येते तो माणूस. मग ही कथा सांगणे हेच माणूस असण्याचे काम ठरते.

ते काम एकदा फार कठीण झाले होते. १५२४ साली पेद्रो दे आल्वारादोने किचे राजांना जिवंत जाळले व त्यांची राजधानी बेचिराख केली. युकातानात मानी गावी १५६२ साली दिएगो दे लांदा ह्या पाद्र्याने माया पोथ्यांची होळी केली. चित्रलिपीतील अशा पोथ्यांपैकी आज फक्त चार उरल्या आहेत. ह्याच काळात, सुमारे १५५४ ते १५५८ च्या दरम्यान, काही किचे सरदारांनी जेत्यांकडून शिकलेल्या रोमन अक्षरांत आपली कथा स्वतःच्या भाषेत लिहून काढली. त्यांनी आपली नावे घातली नाहीत. जुनी पोथी आता पाहावयास मिळत नाही, असे ते लिहितात. पुढे १७०१ ते १७०३ च्या सुमारास चिचिकास्तेनांगो येथे फ्रान्सिस्को हिमेनेझ ह्या धर्मगुरूने त्या लिखाणाची नक्कल केली व शेजारी स्पॅनिश भाषांतर लिहिले. मूळ लिखाण पुढे नाहीसे झाले. ही नक्कल आज शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात आहे. पोथ्या जाळणाराही पाद्री आणि नक्कल करून ठेवणाराही पाद्री, ही इतिहासाची गंमत ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

ही सारी कथा स्पॅनिश अमदानीत रचली गेली असेल, अशी शंका कोणी घेईल. २००१ साली ग्वाटेमालातील सान बार्तोलो येथे इसवी सनापूर्वी सुमारे १०० वर्षांची भित्तिचित्रे सापडली. त्यांत मक्याच्या देवाचा जन्म, मृत्यू आणि पुनरुज्जीवन रंगवलेले आहे. ग्रंथातील कथा तेथे जशीच्या तशी नाही. पण तिचा धागा किती जुना आहे हे भिंतच सांगते.

आणि तो धागा अजून तुटलेला नाही. किचे मुलखात तेरा अंक आणि वीस नावे ह्यांच्या मेळाने होणारे २६० दिवसांचे चक्र मोजणारे जाणते अजून आहेत. डेनिस टेडलॉक ह्यांचे इंग्रजी भाषांतर १९८५ साली निघाले; त्यासाठी ते मोमोस्तेनांगो येथील अशाच एका जाणत्यासमवेत बसून मूळ शब्द वाचीत होते. चार शतकांपूर्वीच्या कित्येक ओळींचा अर्थ त्याच्या रोजच्या पूजेत सापडला. पोथी दूर देशीच्या ग्रंथालयात राहिली, पण तिचा अर्थ सांगणारा माणूस गावातच होता.