अटक आणि फोनवरची अटक



मार्च २०२५ मध्ये आपल्याच बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका गावात, ऐंशीच्या आसपासच्या एका जोडप्याने आपले जीवन संपवले. फोनवरच्या तोतया अधिकाऱ्यांनी त्यांच्याकडून पन्नास लाखांच्या आसपास रक्कम उकळली होती. सोने गहाण पडले होते, तरी मागणी थांबत नव्हती. ती बातमी वाचून आपल्यापैकी अनेकांनी विचारले, "शिकलेली माणसं अशी कशी फसतात?" मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. अशी माणसे अडाणीपणामुळे फसत नाहीत. सरकारी शिक्क्याला मान देण्याची आयुष्यभराची सवय त्यांना फसवते.

या प्रकाराला ठग 'डिजिटल अरेस्ट' म्हणतात. सुरुवात साधीच असते. तुमच्या नावावरच्या सिमकार्डाचा गैरवापर झाला आहे, किंवा तुमच्या आधारवर उघडलेल्या खात्यात काळा पैसा आला आहे, असे कुणीतरी सांगतो. मग फोन दुसऱ्या 'साहेबांकडे' जातो. व्हिडिओवर गणवेश दिसतो, मागे पोलीस ठाण्यासारखी खोली दिसते, सीबीआय किंवा ईडीच्या नावाचे पत्र येते. पुढे दोन हुकूम सुटतात. कॅमेरा बंद करायचा नाही, आणि घरात कुणालाही सांगायचे नाही. शेवटी पैसे 'तपासणीसाठी' एका खात्यात भरायला लावतात आणि तपासून परत देऊ म्हणतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली. अंबाल्याच्या एका वृद्ध जोडप्याला ठगांनी चक्क त्याच न्यायालयाचे बनावट आदेश दाखवले होते.

आपल्या भागात या भीतीला आणखी एक पदर आहे, आणि त्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही. आज ऐंशीला आलेली पिढी मुंबई राज्यात शाळेत बसली आणि १ नोव्हेंबर १९५६ नंतर म्हैसूर राज्याची रहिवासी झाली. शाळेत शिकली ती भाषा एक, कचेरीतून येणाऱ्या कागदाची भाषा दुसरी. जमिनीचा उतारा असो की नोटीस, कागद हातात घेऊन 'जरा वाचून सांगा हो' म्हणत शेजारी जायची सवय निपाणीपासून खानापूरपर्यंत घरोघरी आहे. न कळणारा कागद म्हणजे काहीतरी अंगावर आले, हे या पिढीच्या मनात पक्के बसले आहे. ठगाला ही पार्श्वभूमी ठाऊक नसते. तो हिंदी-इंग्रजीत धमकावतो आणि आयती तयार असलेली भीती त्याच्या कामी येते. पण नीट पाहिले तर याच सवयीत बचावही आहे. कागद शेजाऱ्याला दाखवणारा माणूस फसत नाही. म्हणून तर ठगाला आधी ती वाट बंद करावी लागते.

इथे कायदा काय म्हणतो ते पाहू. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ नुसार अटक करणारा पोलीस माणसाच्या शरीराला प्रत्यक्ष स्पर्श करतो किंवा त्याला अडवून ठेवतो; माणूस बोलण्याने किंवा कृतीने स्वतः ताब्यात आला तरच त्याची गरज उरत नाही. कलम ४८ नुसार अटकेची माहिती नातेवाइकाला किंवा मित्राला द्यावीच लागते. कलम ३५ मध्ये आणखी एक तरतूद आहे. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा असेल आणि माणूस साठीच्या पुढचा असेल, तर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अटक होत नाही. 'डिजिटल अरेस्ट' नावाची गोष्ट कायद्यात कुठेच नाही. खरा पोलीस घरच्यांना कळवायला बांधलेला आहे. जो 'कुणाला सांगू नका' म्हणतो, तो पोलीस नव्हे. आईवडिलांना बाकी काही लक्षात राहिले नाही तरी चालेल, एवढे एक त्यांच्याकडून वदवून घ्या.

पैसे गेलेच तर वेळ फार थोडा असतो. रक्कम एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात तासाभरात फिरते. १९३० हा क्रमांक लावला, की तक्रार संबंधित बँकांकडे जाते आणि वाटेत सापडलेली रक्कम गोठवता येते. फोन करताना खाते कोणते, रक्कम किती, वेळ काय आणि व्यवहाराचा क्रमांक कोणता, हे समोर ठेवा. पैसे गेले असोत वा नसोत, धमकीचे संदेश पुसू नका. आपल्या हाताने पाठवलेला पैसा बँक भरून देईल, असे मात्र गृहीत धरू नका.

ठेवीचे काय, असे तुम्ही विचाराल. मोठी ठेव मुलाच्या किंवा मुलीच्या नावाने जोडून, दोघांच्याही सहीशिवाय मोडता येणार नाही अशी ठेवता येते. मोबाइलवरून पाठवायच्या रकमेची मर्यादा कमी करून घेता येते. कुणी म्हातारा माणूस गडबडीने ठेव मोडायला आला, तर काउंटरवरच्या ओळखीच्या माणसाने 'कशासाठी?' विचारले म्हणून रागावू नये. निपाणीसारख्या गावात तो माणूस बहुधा आपल्याच गल्लीतला असतो.

आता पुण्या-मुंबईत राहणाऱ्या मुलांसाठी. आठवड्याला एक फोन होतो, त्यात औषधे आणि पाऊस यावर बोलणे होते. कधी आप्पांनी चुकीच्या लिंकवर बोट ठेवले, की "तुम्हाला कळत कसं नाही?" असे तोंडून निघते. पुढच्या वेळी आप्पा सांगत नाहीत. ठगाने 'सांगू नका' म्हणायच्या आधीच आपण त्यांना गप्प केलेले असते. तेव्हा या रविवारी फोन कराल, तर अनोळखी फोन कुणाकुणाचे आले, एवढे विचारा, आणि ते सांगत असताना मध्ये बोलू नका.