घर बांधताय? इंटिरिअर डिझायनर कधी नेमायचा आणि फी कशी ठरते?

स्लॅब पडला, प्लास्टर झालं, टाइल्सही बसल्या. ‘आता इंटिरिअरवाला बघू,’ असं अनेक घरांत याच टप्प्यावर ठरतं. मग डिझायनर येऊन सांगतो की, वॉर्डरोब या भिंतीला लावला तर स्विचबोर्ड त्याच्या मागे जाईल. पुन्हा भिंत फोडायची, पुन्हा प्लास्टर, पुन्हा पुट्टी. बँकेचा हप्ता आणि भाड्याच्या घराचं भाडं एकाच वेळी भरणाऱ्या कुटुंबाला हा उशीर चांगलाच महागात पडतो.

खरं तर सिंक कुठे येणार, चिमणीचा पाइप कुठून बाहेर जाणार, एसीचं पाणी कुठे सोडायचं, गीझरचा पॉइंट कुठे हवा, हे सगळं वायरिंगचे पाइप भिंतीत टाकण्याआधीच ठरायला हवं. त्यामुळे आर्किटेक्टचा नकाशा पक्का होत असतानाच डिझायनरशी बोलणं सोयीचं. मात्र भिंत किंवा कॉलमला हात लावायचा असेल, तर शब्द स्ट्रक्चरल इंजिनिअरचाच.

डिझायनर कोण होऊ शकतो?

‘आर्किटेक्ट’ ही उपाधी लावण्यासाठी 1972 च्या कायद्यानुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी लागते. इंटिरिअर डिझायनरसाठी अशी सक्ती नाही. म्हणून इन्स्टाग्रामवरच्या फोटोंपेक्षा त्याने दोन-तीन वर्षांपूर्वी केलेलं घर पाहून यावं. ड्रॉवर अजून नीट सरकतात का, सिंकखालचं प्लायवूड फुगलंय का, एवढं पाहिलं तरी बरंच कळतं.

पैशांचं गणित

कुणी चौरस फुटावर फी घेतो, कुणी ठरावीक रक्कम, तर कुणी एकूण खर्चाच्या टक्केवारीवर. समजा, 10 लाखांच्या कामावर 10 टक्के ठरले, म्हणजे फी 1 लाख. काम वाढत 14 लाखांवर गेलं, तर फीही 1 लाख 40 हजार होते. म्हणजे खर्च आटोक्यात ठेवण्यात डिझायनरचा फायदा काहीच नाही! ‘डिझाइन फ्री’ म्हणणाऱ्यांचे पैसेही कुठून तरी येतातच. बहुतेक वेळा ते मटेरियलच्या दरात किंवा दुकानदाराच्या कमिशनमध्ये असतात. ‘दुकानातून तुम्हाला काही मिळतं का?’ हे विचारायला संकोच करू नये. नोंदणीकृत डिझायनरच्या फीवर 18 टक्के जीएसटीही लागतो, तो दरात धरलाय का हे आधीच विचारावं.

सर्वाधिक वाद होतात ते मोजमापावरून. वॉर्डरोबचा दर अनेकदा समोरच्या भागाच्या चौरस फुटावर सांगतात. 7 फूट उंच आणि 6 फूट रुंद, म्हणजे 42 चौरस फूट. पण वरचा लॉफ्ट, आतले ड्रॉवर, हँडल त्यात धरलेत की वेगळे? कोटेशनमध्ये नुसतं ‘चांगलं प्लाय’ असेल तर सही करू नये. कंपनी, जाडी आणि ग्रेड लिहून घ्यावी. सिंकखाली आयएस 710 मार्कचं मरीन प्लाय मागावं.

पैसे एकदम न देता कामाच्या टप्प्यांनुसार द्यावेत आणि शेवटचा हप्ता किरकोळ दुरुस्त्या पूर्ण होईपर्यंत राखून ठेवावा. ‘तेवढं हे पण करून टाका’ असं सांगितलेलं प्रत्येक जादा काम दरासह व्हॉट्सॲपवर लिहून घ्यावं. तक्रारीची वेळ आलीच, तर दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असताना जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. त्यासाठी मुदत दोन वर्षांची आहे आणि तिथे करार, बिलं आणि हेच मेसेज कामी येतात.