चौदा औंसांचा पौंड

ब्रिटिश आरमार म्हटले की डोळ्यांपुढे नेल्सन उभा राहतो, ट्रॅफल्गारची लढाई उभी राहते. माझ्याही डोळ्यांपुढे तेच चित्र होते. पण यंदा इतिहासाच्या अभ्यासासाठी ग्रंथालयातून पुस्तके आणली, आणि एका क्षुल्लक वाटणाऱ्या तपशिलापाशी मी थबकले. अठराव्या शतकात ब्रिटिश युद्धनौकेवरील खलाशाला मिळणारा पौंड सोळा औंसांचा नव्हता. तो चौदाच औंसांचा होता!

आधी या माणसांचे जिणे पाहू. नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’ जहाजावर ट्रॅफल्गारच्या वेळी, म्हणजे २१ ऑक्टोबर १८०५ रोजी, १०४ तोफा आणि सुमारे ८२० माणसे होती. सर्वांत खालच्या तोफमजल्यावर बत्तीस पौंडी गोळा फेकणाऱ्या तोफा होत्या. एकेक तोफ अडीच टनांहून जड. ती भरायला व दोरखंडांनी पुढे ओढायला डझनभर माणसे लागत. त्याच तोफांमध्ये खलाशी जेवत आणि वरच्या तुळयांना झोळ्या टांगून झोपत. माणशी जागा चौदा इंच रुंदीची! निम्मे लोक पहाऱ्यावर असत म्हणून उरलेल्यांना कूस बदलता येई, इतकेच. यांतील कित्येकांना जबरी भरतीच्या टोळ्यांनी धरून आणलेले असे. पळून जातील या भीतीने त्यांना बंदरात उतरू देत नसत. चुकले की पाठीवर नऊ पदरी चाबूक.

शिधा कागदावर बरा होता. रोज एक पौंड बिस्किट, एक गॅलन बिअर. आठवड्यातून ठरलेले खारवलेले मांस, वाटाणे. पण तो वाटणारा कोठावळा, त्याला पर्सर म्हणत, पौंडामागे दोन औंस स्वतःकडे ठेवी. ही चोरी नव्हे, रीतच होती. माल सडतो, सांडतो, उंदीर खातात. ती तूट भरून निघावी म्हणून सरकारनेच दिलेली सूट. तूट झाली कोठारात आणि ती भरली खलाशाच्या पोटातून!

हे वाचताना मला आमच्या आईची आठवण झाली. लहानपणी मी तिच्याबरोबर दुकानातून धान्य आणायला जात असे. घरी आल्यावर ती पत्र्याच्या डब्याने धान्य पुन्हा मोजून बघे. आईला लिहिता-वाचता येत नाही, पण दुकानदाराने काटा मारला हे तिला तो डबा सांगे. ती बोलत मात्र नसे. पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच दारात उभे राहायचे होते ना!

खलाशीही पुष्कळ वर्षे बोलले नाहीत. त्यांचा पगार शंभराहून अधिक वर्षे वाढला नव्हता. कसलेल्या खलाशाला अठ्ठावीस दिवसांचे चोवीस शिलिंग मिळत, आणि महागाई तर वाढत चाललेली. अखेर १६ एप्रिल १७९७ रोजी पोर्ट्‌समथजवळ स्पिटहेड येथे नांगरलेल्या आरमाराने समुद्रावर निघण्यास नकार दिला. प्रत्येक जहाजाने दोन प्रतिनिधी निवडले. मागण्या काय? पगारवाढ, आजारी व जखमींची काळजी, बंदरात ताजी भाजी, किनाऱ्यावर जाण्याची मुभा, आणि सोळा औंसांचा पौंड! चाबूक बंद करा असेही त्यांनी म्हटले नाही. उलट, फ्रेंच आरमार बाहेर पडले तर आम्ही लढायला निघू, असे वचन दिले. महिनाभरात पार्लमेंटने पगार वाढवला, शिधा पुऱ्या वजनाने देण्याचे ठरले आणि राजाची माफीही मिळाली. त्याच मे महिन्यात थेम्सच्या मुखाशी नोअर येथे दुसरे बंड उठले. त्याच्या मागण्या मोठ्या होत्या, पण एकी टिकली नाही. त्याचा पुढारी रिचर्ड पार्कर याला ३० जून रोजी फाशी देण्यात आली.

आपल्या मुंबईचीही आठवण येथे होते. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी ‘तलवार’ या नाविक ठाण्यावरील हिंदी नौसैनिकांनी निकृष्ट अन्न नाकारले आणि उठाव सुरू झाला. त्यामागे स्वातंत्र्याची आकांक्षा होती, वर्णभेदाचा संताप होता. पण ठिणगी पडली ती ताटातच.

लढायांच्या सनावळ्या आपण पाठ करतो. ट्रॅफल्गारच्या तोफा ज्यांनी ओढल्या, त्यांना पुरे वजन मिळावे यासाठी आठ वर्षांपूर्वी कोणी जीव धोक्यात घातला होता, हे मात्र प्रश्नपत्रिकेत येत नाही. मला ते ट्रॅफल्गारइतकेच मोठे वाटते.

आईला मी ही सारी हकिगत सांगितली. नेल्सनविषयी तिने काही विचारले नाही. एवढेच विचारले, “मग पुरं वजन मिळालं का त्यांना?”

“मिळालं,” मी म्हटले, “पण सगळे मिळून बोलले तेव्हा.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आम्ही बायका कधी मिळून गेलोच नाही.”